मॅनेजरला ऑफर असिस्टंट मॅनेजरची: मोठ्या कंपनीत ग्रेड खाली का येते आणि सही करण्याआधी काय तपासायचं

कुपवाड एमआयडीसीतली पाऊणशे माणसांची फाउंड्री. तिथे एक क्वालिटी मॅनेजर आहे असं समजा. अकरा वर्षांचा अनुभव, हाताखाली नऊ जण. चाकणच्या मोठ्या कंपनीत मुलाखतीच्या तीन फेऱ्या होतात, एचआरचा फोन येतो, पगाराचा आकडा चांगला असतो आणि शेवटी हळूच सांगितलं जातं, "ग्रेड असिस्टंट मॅनेजरची राहील." सातारा-सांगलीतून पुण्याकडे जाणाऱ्या किंवा शिरवळ-खंडाळ्याच्या मोठ्या प्लांटमध्ये शिरणाऱ्या अनुभवी माणसाला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं.

त्यावर घरोघरी दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, "मॅनेजरचा असिस्टंट व्हायला पुण्याला जायचं?" दुसरी, "एवढं मोठं नाव आहे, डोळे झाकून घे." दोन्ही सल्ले ऑफर लेटरचं दुसरं पान न उलटता दिलेले असतात. ग्रेड खाली येणं हा अपमान नसतो, पण नुसती औपचारिकताही नसते. पुढच्या चार-पाच वर्षांचा पगार आणि बढती तिच्यावर ठरते, आणि ती बदलून घेण्याची संधी सही करण्याआधीच्या चार-आठ दिवसांतच असते.

ग्रेड माणसाची नसते, खुर्चीची असते

लहान कंपनीत हुद्दा मालक ठरवतात. बऱ्याचदा त्याचं कारण कामापेक्षा व्यवहारात असतं. पगार वाढवायला जमत नसलं की "पुढच्या महिन्यापासून तू मॅनेजर" असं सांगून माणूस टिकवला जातो. ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागाला समोर "मॅनेजर" हवा असतो, म्हणून व्हिजिटिंग कार्डवर तसं छापलं जातं. यात फसवणूक काही नाही, लहान उद्योगाची ती गरजच आहे.

मोठ्या कंपनीत प्रत्येक जागेचं आधी मोजमाप झालेलं असतं. या मोजणीच्या पद्धतींपैकी सगळ्यांत जुन्या आणि प्रसिद्ध पद्धतींत अमेरिकेतल्या एडवर्ड हे (Hay) यांच्या सल्लागार संस्थेची पद्धत येते. तिच्यात जागेला तीन बाबींवर गुण मिळतात: कामाला लागणारं ज्ञान, सोडवाव्या लागणाऱ्या अडचणींची खोली आणि निर्णयाची जबाबदारी, म्हणजे तुमच्या निर्णयामुळे कंपनीचे किती रुपये इकडचे तिकडे होतात. गुणांच्या बेरजेवरून जागेची ग्रेड ठरते आणि ग्रेडवरून पगाराचा पट्टा. त्या खुर्चीवर कोण बसणार हा प्रश्न त्यानंतरचा.

गावच्या यात्रेत कुस्तीची जोड पंच नजरेनं लावतात, मोठ्या स्पर्धेत मात्र पैलवानाला आधी वजनकाट्यावर उभं करतात. हुद्द्याचंही तसंच आहे. कुपवाडच्या मॅनेजरला चाकणच्या काट्यावर उभं केलं की तो दुसऱ्या गटात जातो. त्याची ताकद तेवढीच असते, मोजण्याची रीत तेवढी बदललेली असते.

आयटीतही हेच, फक्त तिथे नावांऐवजी आकडे आहेत आणि एका कंपनीचा आकडा दुसरीत चालत नाही. गुगलमध्ये नवा इंजिनिअर एल-3 वर लागतो, अमेझॉनमध्ये एल-4 वर, मायक्रोसॉफ्टमध्ये 59 वर. इन्फोसिसमध्ये जेएल म्हणजे जॉब लेव्हल, तर टीसीएसमध्ये सी-1, सी-2 अशी उतरंड. साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या तीस जणांच्या कंपनीत पाच वर्षांत "टेक लीड" झालेल्या मुलाला मोठ्या कंपनीत सीनिअरच्या एक पायरी खालची जागा मिळणं अगदी नेहमीचं आहे.

मुलाखतीच्या खोलीत नेमकं काय घडतं

कारणं बरीच असतात, पण बहुतेक वेळा सगळ्यांत मोठं कारण मुलाखतीत मिळालेल्या, किंवा न मिळालेल्या, पुराव्याचं असतं. समोरची माणसं एकच गोष्ट शोधत असतात: या माणसानं स्वतः कोणते निर्णय घेतले? "सप्लायर कुणी बदलला?" या प्रश्नाला "मालकांनी ठरवलं, मी सुचवलं होतं" असं उत्तर आलं की कागदावर मॅनेजर लिहिलेलं असलं तरी त्यांच्या वहीत इंजिनिअर लिहिला जातो. उत्तर खरंच असतं. लहान कंपनीत शेवटचा शब्द मालकाचा असतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

दुसरी अडचण बोलण्याच्या सवयीची आहे. "आम्ही रिजेक्शन कमी केलं" यातला "आम्ही" विनयाचा असतो, पण ऐकणाऱ्याला कळत नाही की तुम्ही काय केलं आणि बाकीच्यांनी काय. आकडा नाही, आधी-नंतर नाही, किती महिने लागले ते नाही. मग मत अधांतरी राहतं. मत अधांतरी असलं की मोठी कंपनी खालची ग्रेड देते, कारण खाली घेतलेल्या माणसाला वर नेणं सोपं असतं, वर घेतलेल्याला खाली आणणं जवळजवळ अशक्य.

तिसरं कारण रुंदी आणि खोली यांचं. लहान कंपनीतला क्वालिटी मॅनेजर सकाळी केमिस्ट्री रिपोर्ट बघतो, दुपारी डिस्पॅचच्या गाडीवर उभा राहतो, संध्याकाळी ग्राहकाचा फोन घेतो आणि रात्री ऑडिटची फाइल लावतो. मोठ्या कंपनीच्या मोजणीत या रुंदीला फार कमी गुण मिळतात. तिथे असिस्टंट मॅनेजरकडे कदाचित एकच लाइन असेल, पण त्या लाइनवर दिवसाला हजारो भाग निघत असतील आणि एका चुकीपायी ग्राहकाची असेंब्ली थांबत असेल. हा हिशेब अन्यायाचा वाटला तर त्यात तथ्य आहे. इथल्या लहान कारखान्यांत तयार झालेली माणसं अडचणीच्या वेळी एकहाती पाच विभाग ओढतात, त्याची किंमत मोठ्या कंपन्यांच्या तक्त्यांना करता येत नाही.

उरलेली कारणं तुमच्याशी संबंधित नसतात. मंजूर झालेली जागाच असिस्टंट मॅनेजरची असते. किंवा त्या विभागात तुमच्याइतक्याच अनुभवाचे चार जण आधीपासून त्या ग्रेडवर असतात आणि तुम्हाला वर बसवलं तर ते चौघं दुसऱ्या दिवशी एचआरच्या दारात उभे राहतील. किंवा तुम्ही क्षेत्र बदलत असता: साखर कारखान्यातून वाहन उद्योगात, पंपातून औषधात.

कार्डावरचा मॅनेजर, लेटरवरचा इंजिनिअर

पार्श्वभूमी तपासणारी संस्था व्हिजिटिंग कार्ड बघत नाही. ती बघते नेमणुकीचं पत्र, शेवटचं इन्क्रीमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 आणि पीएफच्या यूएएनवरची, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या क्रमांकावरची, नोकरीची नोंद. इथेच अनेकांचा घात होतो. कारखान्यात आणि ग्राहकाकडे सगळे "मॅनेजरसाहेब" म्हणतात, पण 2016 च्या नेमणूक पत्रावर "ज्युनिअर इंजिनिअर" असतं आणि त्यानंतर एकही पत्र निघालेलं नसतं. अर्ज करण्याच्या आधी, राजीनाम्याचा विषयही निघालेला नसताना, सध्याच्या हुद्द्याचं पत्र लेटरहेडवर, तारखेसह मागून घ्या. राजीनामा दिल्यावर हे पत्र मिळवणं कठीण जातं.

अनुभवाची वर्षंही जशीच्या तशी धरली जात नाहीत. नॅट्स या सरकारी प्रशिक्षण योजनेखालचं अप्रेंटिसचं वर्ष बहुतेक कंपन्या मोजत नाहीत. ठेकेदाराच्या पगारपत्रकावर काढलेली वर्षं काही ठिकाणी पूर्ण धरतात, काही ठिकाणी अर्धी, काही ठिकाणी शून्य. पीएफ न कापता रोख पगारावर केलेलं काम सिद्ध करायला कागदच नसतो. अकरा वर्षांची अशी साडेआठ झाली की तक्त्यात एक ग्रेड आपोआप उतरते. म्हणून एचआरला विचारा, "माझा ग्राह्य अनुभव किती धरला आहे?" आकडा कमी आला तर बोलणी तिथूनच सुरू करा. ही दुरुस्ती मिळणं सगळ्यांत सोपं, कारण तिला मतांची गरज नसते, कागद पुरतो.

डिप्लोमाधारकांसाठी आणखी एक भिंत आहे. बऱ्याच उत्पादन कंपन्यांत डिप्लोमा आणि डिग्रीच्या शिड्या वेगळ्या असतात. बारा वर्षांचा डिप्लोमा इंजिनिअर आणि सहा वर्षांचा बी.ई. एकाच ग्रेडवर लागतात, आणि डिप्लोमाच्या शिडीला वर एक झाकण असतं. ते झाकण कोणत्या ग्रेडवर आहे आणि नोकरी करत घेतलेली डिग्री ते उघडते का, हे ऑफरच्या वेळीच विचारायचं.

पगाराचा आकडा सोलून बघा

आता पैशाकडे. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, पण रचना अशीच असते.

कुपवाडला सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, 10 लाख 80 हजार; महिना 90,000. बेसिक 45,000. कंपनी पीएफ कायद्याच्या 15,000 रुपयांच्या मर्यादेवर भरते, म्हणजे 1,800. ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 2,165. हे दोन वजा जाता ग्रॉस 86,035. त्यातून तुमचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 84,035. आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या कररचनेत 12 लाख 75 हजारांपर्यंतच्या पगारावर आयकर लागत नाही, त्यामुळे कर शून्य.

चाकणची ऑफर 14 लाखांची. यात 12 टक्के, म्हणजे 1 लाख 68 हजार, व्हेरिएबल आहे. उरले 12 लाख 32 हजार. बेसिक त्याच्या निम्मं, म्हणजे वर्षाला 6 लाख 16 हजार. कंपनीचा पीएफ पूर्ण बेसिकवर 12 टक्के, 73,920. ग्रॅच्युइटी 29,630. विम्याचा हप्ता 18,000, तोही सीटीसीत धरलेला. हे वजा करता वर्षाचा ग्रॉस 11 लाख 10 हजार 450, महिन्याला 92,537. तुमचा पीएफ 6,160 आणि व्यवसाय कर 200 वजा केले की हातात 86,177.

सीटीसी 3 लाख 20 हजारांनी वाढला आणि हातात येणारी रक्कम महिन्याला जेमतेम 2,100 रुपयांनी. बाकीचे पैसे हवेत गेलेले नाहीत. पीएफ खात्यात दोन्हीकडून मिळून महिन्याला 8,720 रुपये जास्त पडतात, आणि व्हेरिएबल वर्षाअखेरीस कंपनीचा आणि तुमचा निकाल बघून मिळतं. पण सांगलीत स्वतःच्या घरात राहणाऱ्यानं पुण्यात 20,000 रुपये भाडं धरलं तर दरमहा खर्च भागवताना तो आज आहे त्यापेक्षा मागे जातो. म्हणून सीटीसीवर खूश होण्याआधी एचआरकडून महिन्याच्या स्लिपचा नमुना मागवा. बहुतेक जण देतात. व्हेरिएबल गेल्या दोन वर्षांत त्या विभागात सरासरी किती टक्के मिळालं, हेही विचारा. 80 टक्केच मिळालं असेल तर 1 लाख 68 हजारांचे 1 लाख 34 हजार होतात.

जॉइनिंग बोनस मिळत असेल तर अट वाचा. साधारण बारा महिन्यांच्या आत सोडलं तर तो परत द्यावा लागतो. गोम अशी की तो हातात येताना कर कापून येतो आणि परत मागताना पुष्कळ ठिकाणी पूर्ण रक्कम मागतात.

पट्ट्यात तुमची जागा कुठे

प्रत्येक ग्रेडला पगाराचा पट्टा असतो: किमान, मधला आणि कमाल. तुमच्या पगाराला मधल्या आकड्यानं भागलं की जे टक्के येतात, त्यावरून पुढची पगारवाढ ठरते. समजा असिस्टंट मॅनेजरचा पट्टा साडेनऊ ते साडेचौदा लाख, मधला आकडा 12. तुमचे 14 म्हणजे 117 टक्के. मॅनेजरचा पट्टा साडेतेरा ते साडेवीस, मधला 17. तिथे तेच 14 लाख म्हणजे 82 टक्के.

पैसे सारखेच, पण पहिल्या जागी तुमचं डोकं छताला लागलेलं आहे. सात टक्के वाढ मिळाली तर 98,000 होतात आणि छतापर्यंत जागा आहे 50,000 ची. पट्टे दरवर्षी थोडे वर सरकतात, तरी वरच्या टोकाला बसलेल्या माणसाला त्याच रेटिंगवर कमी टक्के देण्याची रीत बहुतेक ठिकाणी आहे. काही कंपन्या छताच्या वरची वाढ एकरकमी देतात, ती बेसिकमध्ये मिसळत नाही, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटीतही धरली जात नाही.

यातून एक उलटी गोष्ट निघते. ग्रेड खाली मिळाली म्हणून भरपाईसाठी त्याच ग्रेडमध्ये जास्तीत जास्त पैसे ओढून घेतले, तर पुढची वाढ तुम्हीच आखडून घेता. दोन वर्षांत बढती नक्की दिसत असेल तर याची फिकीर करू नका, कारण बढती झाली की पट्टा बदलतो. बढती लांब असेल तर मात्र हे कुंपण दर एप्रिलला टोचत राहतं. त्यापेक्षा जादा रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून मागणं शहाणपणाचं: एकदाच मिळते, पण पट्ट्यातली जागा बिघडवत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वरच्या ग्रेडवर घुसलात आणि पहिल्या वर्षी त्या ग्रेडचं काम दिसलं नाही, तर रेटिंग पडतं आणि सुधारणेची मुदत मागे लागते. नव्या कंपनीत कोणता फॉर्म कुठे भरायचा इथपासून सुरुवात असते. पहिले सहा महिने तर ओळखीतच जातात. एक पायरी खाली लागलेल्या माणसाला अपेक्षा कमी असतात आणि चांगलं रेटिंग सोपं जातं. त्यामुळे एक पायरी खालची ऑफर बऱ्याचदा घ्यावी अशीच असते. दोन पायऱ्या खालची जवळजवळ कधीच घेऊ नये. एक पायरी दोन-तीन वर्षांत भरून निघते, दोन भरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि तोवर तुमच्या वयाची माणसं तुमचे साहेब झालेली असतात.

बढतीचा रस्ता कारखान्यात वेगळा, आयटीत वेगळा

आयटी कंपनीत बढतीला साधारणपणे खुर्ची रिकामी व्हावी लागत नाही. वरच्या लेव्हलचं काम काही महिने करून दाखवलं, पुरावा समितीपुढे गेला, की लेव्हल बदलते. कारखान्यात तसं नाही. शिरवळच्या एखाद्या प्लांटला क्वालिटी हेड एकच असतो. तो पंचेचाळिशीचा असेल आणि त्याचं घर वाईत किंवा साताऱ्यात असेल, तर तो हलणार नाही आणि तुमची बढती त्याच्या खुर्चीत अडकलेली राहील. म्हणून प्लांटमध्ये जाणाऱ्यानं विचारायचं ते हे: वरच्या ग्रेडच्या जागा या प्लांटमध्ये किती, त्या कुणाकडे आणि कधीपासून, आणि गेल्या तीन वर्षांत या ग्रेडमधून वर किती जण गेले. उत्तर "आपल्याकडे ग्रोथला खूप वाव आहे" असं मोघम आलं तर ते "एकही नाही" असं समजायला हरकत नाही.

तारखांचंही भान ठेवा. बहुतेक ठिकाणी ग्रेडवर किमान 18 ते 24 महिने काढल्याशिवाय बढतीला नाव जात नाही. वर्ष एप्रिल ते मार्च असेल तर पगारवाढीसाठी सामील होण्याची शेवटची तारीख ठरलेली असते, कुठे 30 सप्टेंबर, कुठे 31 डिसेंबर. त्यानंतर आठवडाभरानं रुजू झालात तर पहिली वाढ लगेच येणाऱ्या एप्रिलऐवजी त्याच्या पुढच्या एप्रिलवर जाते. एका आठवड्यापायी एक वर्ष. जॉइनिंगची तारीख ठरवताना हे आधी विचारा, मग मुहूर्त बघा.

ग्रेड वर मागायची कशी

फोनवर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. "ऑफरबद्दल आभारी आहे मॅडम. ग्रेडबद्दल थोडं समजून घ्यायचं आहे, दोन दिवसांत तुम्हाला मेल करतो," इतकंच. मग एचआरला किंवा ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या साहेबांना एक प्रश्न विचारा: "तुमच्याकडे असिस्टंट मॅनेजर आणि मॅनेजर यांच्या कामात नेमका फरक काय धरतात?" सगळ्या बोलणीत याहून कामाचा प्रश्न नाही. उत्तर आलं की तुमचा पुरावा नेमका त्या फरकावर ठेवता येतो. समजा ते म्हणाले, "मॅनेजर वर्षाचं बजेट सांभाळतो आणि ग्राहकाशी थेट निर्णय घेतो." मग मेलमध्ये पगाराचा, वयाचा किंवा "मी आधीच मॅनेजर आहे" याचा उल्लेख नको. एका पानात असं काही हवं:

"महिन्याला 150 टन कास्टिंगची गुणवत्ता, तीन शिफ्ट, नऊ माणसं. ग्राहकाकडचं रिजेक्शन 14 महिन्यांत 1,800 पीपीएमवरून 600 वर. त्यासाठी वाळूची तपासणी दर शिफ्टला दोनऐवजी चार वेळा केली आणि एक बाइंडर सप्लायर बदलला, निर्णय माझा. 38 लाखांच्या यंत्रखरेदीचा प्रस्ताव, तीन कोटेशन्स आणि वाटाघाटी माझ्याकडे. आयएटीएफ 16949 च्या ऑडिटला कंपनीच्या वतीनं मी. पीपॅपवर सही माझी. माल थांबवण्याचा अधिकार माझा आणि गेल्या वर्षी तो चार वेळा वापरला."

(पीपीएम म्हणजे दहा लाख भागांमागे किती नापास, आयएटीएफ 16949 हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक, आणि पीपॅप म्हणजे भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची कागदपत्रं.) मेलमधली शेवटची ओळ सगळ्यांत वजनदार आहे. मालकाची गाडी गेटवर उभी असताना माल थांबवणं म्हणजे काय, हे फाउंड्रीतल्या माणसाला माहीत असतं आणि समोरच्या क्वालिटी हेडलाही.

मेल एचआरला पाठवा, प्रत भावी साहेबांना. एचआर ग्रेड बदलू शकत नाही, ती फक्त प्रकरण पुढे सरकवते. बदल होतो तो साहेबांनी मागणी केली तर, आणि मंजुरी पगार-समिती किंवा विभागप्रमुख देतात. साहेब तुमच्या बाजूनं बोलणार नसतील तर पाच मेल लिहूनही उपयोग नाही. काही वेळा आणखी एक मुलाखत देता का असं विचारतात. जरूर द्या. दुसऱ्या मोठ्या कंपनीची वरच्या ग्रेडची ऑफर हातात असेल तर सांगा, नसेल तर आहे म्हणून सांगू नका. ते पत्र मागतात.

ग्रेड हललीच नाही तर त्याबदली काय मिळतं? जॉइनिंग बोनस मिळतो. नोटीस पिरियडची भरपाई मिळते. कधी कधी ग्रेड तीच ठेवून बाहेर वापरायचं डेझिग्नेशन "सीनिअर" लावून मिळतं, त्यानं पट्टा बदलत नाही पण पुढच्या अर्जाला उपयोग होतो. "सहा महिन्यांनी रिव्ह्यू" हेही मिळतं, पण इथे सावध राहा. कंपन्या बढतीचं वचन कागदावर देत नाहीत, फार तर आढाव्याचं देतात. आढाव्यानंतर काहीही न देणं हाही आढावाच असतो. तोंडी आश्वासन देणाऱ्या साहेबांची बदली झाली की ते आश्वासन त्यांच्याबरोबर जातं. म्हणून त्याला शून्य किंमत द्या आणि ते वगळून ऑफर परवडते का बघा.

हुद्द्याची एक बाजू ऑफिसबाहेरची आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. लग्नाच्या बायोडेटावर "मॅनेजर"च्या जागी "असिस्टंट मॅनेजर" लिहिताना घरच्यांचा जीव खालीवर होतो. घरकर्ज देणारी बँक मात्र स्लिप, फॉर्म 16 आणि कंपनीचं नाव बघते. पुढच्या नोकरीच्या अर्जातही हुद्द्याखाली एक ओळ लिहिली की काम भागतं: प्लांट किती मोठा, लाइन कोणती, दिवसाला किती भाग. भरती करणाऱ्यांना लहान कंपनीतला मॅनेजर आणि मोठ्या कंपनीतला असिस्टंट मॅनेजर यांतलं नातं चांगलं माहीत असतं.

राजीनामा देण्याआधी

ग्रॅच्युइटीची तारीख बघा. कायम नोकरीत ती पाच वर्षांच्या सलग सेवेवर मिळते. 45,000 बेसिकवर पाच वर्षांची रक्कम, म्हणजे 45,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 5, साधारण 1 लाख 29 हजार 800 होते. चार वर्षं आणि पाचव्या वर्षात 240 दिवस झाले असतील तर ते पुरेसे धरावेत असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण प्रत्येक मालक ते आपणहून मानत नाही. पाच वर्षांना सहा आठवडे कमी असतील तर नव्या कंपनीकडून तारीख पुढे मागा किंवा तेवढी रक्कम जॉइनिंग बोनसमध्ये मागा. आकडा आणि कारण दोन्ही स्पष्ट असल्यानं ही मागणी सहसा नाकारली जात नाही.

पीएफ काढू नका, यूएएनवरून नव्या खात्यात वळवा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि जुनी वर्षं जोडली नाहीत तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून होते.

राजीनामा द्यायचा तो ग्रेड, डेझिग्नेशन, पगाराचा तक्ता आणि कामाचं ठिकाण लिहिलेलं, सही झालेलं ऑफर लेटर हातात आल्यावर. मेलमधल्या "ऑफर कन्फर्म्ड"वर नाही. रुजू होण्याच्या दिवशी मिळणाऱ्या नेमणूक पत्रावरची ग्रेड ऑफर लेटरशी ताडून बघा, कारण टाइप करताना जुना कोड राहून जाण्याचे प्रकार होतात आणि महिन्याभरानं ती दुरुस्ती करायला चार सह्या लागतात. त्याच आठवड्यात साहेबांबरोबर बसून वर्षाची उद्दिष्टं सिस्टीममध्ये भरून घ्या, आणि त्यांतलं निदान एक वरच्या ग्रेडच्या कामाचं असू द्या: एखाद्या सप्लायरची पूर्ण जबाबदारी किंवा एखाद्या ग्राहकाचं ऑडिट. पुढच्या वर्षी बढतीसाठी नाव पाठवताना साहेबांना पुरावा म्हणून तेच दाखवावं लागतं.